कारप्रोफेनची गोळी की मेलोक्सिकॅमचं सिरप? लंगडणाऱ्या लॅबला आम्ही दोन्ही दिलंय

कुत्रं लंगडतंय, एक्सरे झालाय, डॉक्टरांनी सांध्याची झीज सांगितलीय आणि आता रोजचं दुखण्याचं औषध सुरू करायचंय, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. आमची सोनी लॅब म्हणजे लॅब्रॅडोर आहे, वय झालंय, कमरेचे दोन्ही सांधे गेलेत. आधी कारप्रोफेन दिली, मग मेलोक्सिकॅमवर आलो. एकाच कुत्रीवरून बोलतोय, तुमच्याकडं उलटंही होऊ शकतं.

एक्सरे अजून काढला नसेल तर आधी तो काढा आणि रक्त पण तपासा. साताऱ्यात ज्यांच्याकडं सोय नाही ते शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला जातात. हे आवर्जून सांगतोय कारण आपल्याकडं गोचीड भरपूर, आणि गोचीडतापात पण सांधे सुजून कुत्रं लंगडतं, आज या पायानं तर उद्या त्या. त्यात प्लेटलेट कमी झालेल्या असतात आणि वरून ही औषधं दिली तर रक्तस्त्रावाचा धोका वाढतो. तिथं डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक लागतं, दुखण्याच्या औषधानं मूळ आजार जात नाही.

आता मुद्द्याचं. कामाला दोन्ही चांगली. सोनी सकाळी उठताना पुढचे पाय टेकून मागचा भाग ओढत उठायची, ते दोन्हींनी कमी झालं, मला तरी फरक सांगता आला नसता. कारप्रोफेनवर थोडी जास्त तरतरीत वाटायची असं बायकोचं मत, ते असू शकतं. दोन्ही एकाच जातीची, स्टेरॉइड नसलेली सूज-दुखण्याची औषधं, त्यामुळं काळजी पण तीच: जेवणाबरोबर द्यायचं, उलटी, काळी शी किंवा खाणं बंद झालं तर औषध थांबवून लगेच फोन करायचा, सुरू करण्याआधी लिव्हर किडनीची तपासणी, नंतर डॉक्टर सांगतील तशी परत. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर दोन्हींपैकी काहीच नाही. कारप्रोफेननं लिव्हरला त्रास झालेल्या कुत्र्यांच्या जुन्या नोंदींत लॅब बरेच दिसतात, पण लॅब पाळणारेच जास्त आहेत म्हणून तसं असेल असंही म्हणतात, मी त्यावरून घाबरलो नव्हतो.

मला नडलं ते गोळीचे तुकडे करणं. कारप्रोफेनचा दिवसाचा डोस किलोला 4.4 मिलिग्रॅम, सोनी तीस किलोची, म्हणजे 132 मिलिग्रॅम, आणि साताऱ्यात पोवई नाक्याकडं आम्हाला कायम 100 मिलिग्रॅमची पट्टी मिळायची. एक गोळी कमी पडते, दीड जास्त होते. 25 ची दुसरी पट्टी मागवून जोडी जमवता येते पण ती कधी असायची कधी नसायची, मग सवा गोळी करायला बसायचं, मधल्या रेघेवर अर्धी नीट होते पण पावचा भुगा होतो, आज भुगा जास्त गेला उद्या कमी, आणि मुळात लिव्हर किडनीवर लक्ष ठेवायचं ते औषध असं अंदाजानं द्यायचं हे मनाला पटेना. त्यात वजन कमी करायला घेतलं होतं, म्हणजे डोस पण हळूहळू खाली येणार, तो सुईच्या टोकानं खाली आणायला गोळीत सोयच नाही.

सिरपमध्ये हा प्रश्नच नाही. पहिल्या दिवशी किलोला 0.2 मिलिग्रॅम आणि दुसऱ्या दिवसापासून 0.1, म्हणजे सोनीला रोज 3 मिलिग्रॅम, बाटली मिलीला 1.5 मिलिग्रॅमची असेल तर दोन मिली, सिरिंजनं ओढायचं आणि भाकरी-अंड्यावर टाकायचं. बाटल्यांची ताकद वेगवेगळी असते, आधी लेबल वाचा. जरा बरं वाटलं की डॉक्टरांना विचारून थोडं थोडं कमी करत जिथं कुत्रं आरामात राहतं तिथं थांबायचं, हे सिरपवर सहज जमतं. पावसाळ्यात कास पठाराकडून गार वारं सुटलं की तिचे सांधे धरतात, तेव्हा डॉक्टर थोडं वर न्यायला सांगतात, ऊन पडलं की परत खाली.

सिरपचे पण वांधे आहेत. हलवून दिलं नाही तर औषध खाली बसतं. बाहेरगावी बाटली सांडायची भीती. गोळीला लिव्हरचा वास असतो, सोनी ती हातातून पळवायची. मात्र त्यामुळंच पट्टी वर ठेवावी लागते, सापडली तर सगळी फस्त.

एक सांगतो, माणसांची मेलोक्सिकॅम 15 ची गोळी मेडिकलमध्ये मिळते, ती तोडून देऊ नका, तीस किलोच्या कुत्र्याला ती रोजच्या डोसच्या पाचपट होते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर बिलकुल नाही. गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी आली ती गिधाडं मरत होती म्हणून, आणि गिधाडांना मेलोक्सिकॅम चालतं, त्यामुळं हे औषध आपल्याकडच्या गुरांच्या डॉक्टरांना पण चांगलं माहितीय, अडीअडचणीला गावात विचारता येतं.

सप्लिमेंटच्या पावडरी वेगळ्या, त्यावर भरवसा ठेवून दुखण्याचं औषध टाळू नका. वजन मात्र खरंच घटवा, 2002 मध्ये छापलेल्या अभ्यासात 48 लॅबपैकी ज्यांना पाव हिस्सा कमी खायला दिलं त्यांच्यात सांध्याचा त्रास उशिरा आला आणि ती जवळपास दोन वर्षं जास्त जगली.

तुमचं कुत्रं 22-23 किलोचं असेल तर 100 ची एक गोळी बरोबर बसते, 17 किलोला 75 ची, अशांनी कारप्रोफेन घ्यायला माझी काहीच हरकत नाही. अध्येमध्ये वजनाचं असेल तर मी सिरप म्हणेन. बदलताना दोन्ही एकावर एक देऊ नका, मधे किती दिवस जाऊ द्यायचे ते डॉक्टर सांगतात. सोनीला त्या दिवसांत गॅबापेंटिन या दुसऱ्या जातीच्या दुखण्याच्या औषधाची कॅप्सूल दिली होती, त्याचं माणसांचं लिक्विड घेऊ नका, काहींत गोडीसाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विष आहे. कॅप्सूलनं ती जरा झोपाळली पण दुखण्यानं विव्हळली नाही.