मशीनला सप्टेंबर कळत नाही: सिम्युलेटेड बेसबॉल लीगमधले माझे आठ महिने

पहिल्या हंगामात १ सप्टेंबरला माझा संघ ७८-५६ (विजय-पराभव) होता, दुसऱ्या क्रमांकाचा ७३-६२. साडेपाच सामन्यांची आघाडी, मॅजिक नंबर २३ (माझे पुढचे विजय आणि त्यांचे पुढचे पराभव मिळून इतके झाले की डिव्हिजन, म्हणजे आमचा गट, माझा). त्या रात्री मी प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) कुठला पिचर (चेंडू फेकणारा) कुठल्या दिवशी टाकायचा याचा कागदही लिहून ठेवला. उरलेल्या २८ पैकी मी ११ जिंकलो, मागच्यांनी २७ पैकी १७. शेवटचा तक्ता: ते ९०-७२, मी ८९-७३. तिसऱ्या वाइल्ड कार्डसाठी (डिव्हिजन न जिंकलेल्यांना मिळणाऱ्या प्लेऑफच्या जागेसाठी) आणखी एका ८९वाल्याशी बरोबरी झाली, तर आपसातल्या सामन्यांत त्याचं पारडं जड निघालं. कागद अजून खणात आहे.

आठ महिन्यांच्या अनुभवाबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी, कारण या खेळाचा खरा कस शेवटच्या सहा आठवड्यांतच लागतो. एप्रिल ते जुलै म्हणजे नुसती पेरणी. काहींना तीच आवडते, मला नाही.

ज्यांनी असं काही वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे बॅट फिरवायची नसते. तुम्ही मॅनेजर आणि जनरल मॅनेजर दोन्ही: लाइनअप (बॅटिंगचा क्रम), पिचरांची रोटेशन (पाळी), ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल), कोणाला किती दमवायचं त्याच्या सेटिंग. निकाल मशीन काढतं. कल्पना जुनीच आहे. ॲपबाचा पत्ते आणि फाशांचा खेळ १९५१ सालचा, हॅल रिचमन यांचा स्ट्रॅट-ओ-मॅटिक १९६१चा. आता फाशांच्या जागी कॉम्प्युटर आलाय एवढंच. आमच्या लीगमध्ये ३० संघ, ३० माणसं, रचना अमेरिकेतल्या मेजर लीगसारखी: दोन लीग, प्रत्येकी तीन डिव्हिजन, १६२ सामने. कमिशनर (लीग चालवणारा) आठवड्यातून दोनदा सिम, म्हणजे सामन्यांचं सिम्युलेशन, चालवतो, एका सिममध्ये खेळातले सात दिवस सरतात. सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या निम्म्या त्याच्या नाहीतच, आमच्या आहेत.

तर, ती घसरण. पहिला संशय अर्थातच सॉफ्टवेअरवर. आघाडीवरच्याला मुद्दाम खाली खेचायचा काही छुपा गुणक असणार, अशी माझी खात्रीच झाली होती. दोन दिवस मी लॉग चाळत बसलो. सापडलं काहीच नाही. मशीन प्रत्येक चेंडू त्या क्षणी समोर असलेल्या दोन खेळाडूंच्या आकड्यांवर काढतं. तक्ता ते बघतच नाही. एप्रिलमधला मंगळवार आणि सप्टेंबरमधला शेवटचा रविवार त्याला सारखेच. दडपण, इभ्रत, हात थरथरणं, सगळं आपल्या बाजूला.

मग हिशेब केला. ७८-५६ म्हणजे ५८ टक्के जिंकणारा संघ. असा संघ २८ पैकी ११ किंवा त्याहून कमी जिंकण्याची शक्यता साधारण तीसात एक. वाईट, पण ३० संघांच्या लीगमध्ये दर सप्टेंबरात कुणावर तरी अशी पाळी यायचीच. यावर समाधान मानून झोपलो असतो, पण लीगमधल्या एका जुन्या खेळाडूने विचारलं, "तुझ्या धावा बघितल्यास का?" बघितल्या नव्हत्या. केलेल्या ६१२, दिलेल्या ५९०. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचं पायथागोरियन सूत्र आहे: केलेल्या धावांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज. त्यात हे आकडे घातले की ५१.८ टक्के येतात, म्हणजे १३४ सामन्यांत ६९ विजय. माझे ७८ होते. जास्तीचे नऊ कुठून आले? एका धावेने संपलेल्या सामन्यांत मी ३१-१५ होतो, तिथून. आणि ५१.८ टक्क्यांच्या संघाची तशी घसरण तीसात नव्हे, आठात एकदा होते. माझी साडेपाच सामन्यांची आघाडी उसनवारीची होती, सप्टेंबरने फक्त वसुली केली.

नाणेफेकीच्या गणिताने १६२ सामन्यांत नुसत्या योगायोगाचा फरक सव्वासहा-साडेसहा विजयांचा निघतो. म्हणजे ८१ जिंकण्याच्या लायकीचा संघ तीनपैकी दोन हंगामांत ७५ ते ८७ च्या दरम्यान असेल, तिसऱ्या हंगामात त्याही बाहेर. डिव्हिजनची शर्यत बहुतेकदा याहून कमी अंतरावर ठरते. हे एकदा डोक्यात बसलं की खेळणं सोडून द्यावंसं वाटतं. मलाही आठवडाभर वाटलं.

मला परत आणलं ते १९६४च्या फिलाडेल्फिया फिलीजनी. सॉफ्टवेअरमध्ये जुने हंगाम पुन्हा खेळवता येतात. त्या वर्षी फिलीज १२ सामने उरले असताना साडेसहा सामन्यांनी पुढे होते. मग सलग दहा हरले. पहिला पराभव १-०, आणि ती एकमेव धाव सिनसिनाटीच्या चिको रुईझने होम प्लेट चोरून (फटका नसताना पळत शेवटचा बेस गाठून) काढलेली. सेंट लुईस कार्डिनल्स ९३-६९ ने पुढे गेले, फिलीज ९२ वर राहिले. साठ टक्के जिंकणारा संघ निव्वळ फाशांवर ओळीने दहा हरण्याची शक्यता दहा हजारात एकच्या आसपास. मी थकव्याचा पर्याय बंद करून तो शेवट पुन्हा पुन्हा चालवला. बहुतेक वेळा फिलाडेल्फियाच जिंकली. पण प्रत्यक्षात मॅनेजर जीन मॉक यांनी जिम बनिंग आणि ख्रिस शॉर्ट या दोघा हुकमी पिचरांना दोन-दोन दिवसांच्या विश्रांतीवर पुन्हा मैदानात उतरवलं होतं. थकवा चालू ठेवला आणि तसंच केलं, तर चित्र भराभर बिघडतं.

आणि मग मी माझ्या बुलपेनकडे, म्हणजे पहिल्या पिचरनंतर येणाऱ्या पिचरांकडे, बघितलं. सात दिवसांचं सिम सुरू झाल्यावर मधे हात घालता येत नाही. तुम्ही सोडलेल्या सेटिंगवर गाडी चालते. माझ्या क्लोजरची (शेवटची इनिंग टाकणाऱ्याची) सेटिंग होती 'शक्य तेव्हा'. आघाडी घटायला लागली तशी मी ती ढिली करण्याऐवजी सेटअप पिचरलाही (क्लोजरच्या आधी येणाऱ्यालाही) तीच लावली. नवव्या इनिंगमध्ये गेलेले चार सामने बघितले तर चारही वेळा तो गडी सलग तिसऱ्या दिवशी चेंडू टाकत होता. नशीब आठात एक होतंच, वरून मी तेल ओतलं.

दुसऱ्या हंगामात म्हणून तीन गोष्टी बदलल्या. रिलीव्हरना (बुलपेनमधल्या पिचरांना) सलग दोन दिवसांपुढे बंदी. ३१ जुलैच्या ट्रेड डेडलाइनला मोठा बॅटर न घेता दोन मधल्या दर्जाचे रिलीव्हर घेतले, त्यातला एक डावखुरा. यावर लीगमध्ये माझी बरीच टिंगल झाली. आणि सप्टेंबरमधले जादा खेळाडू नीट वापरले. पूर्वी मेजर लीगमध्ये सप्टेंबरात ४० जणांपर्यंत मुभा असायची, आता २६ चे २८ होतात आणि पिचर जास्तीत जास्त १४. आमच्याकडेही तोच नियम. दोनच जागा, पण त्यांतला एक पिचर आणि एक चपळ पळणारा असेल तर जवळच्या सामन्यात फरक जाणवतो. चोरलेल्या बेसवर एक सामना जिंकलोही. चिको रुईझची कृपा.

आता आमच्या लीगच्या तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे सिमआधी आपल्या सेटिंगची फाइल न पाठवणारे. ऑगस्ट संपताना तळाचे आठ-दहा मॅनेजर गायब होतात. लाइनअप तशीच, रोटेशन तशीच, दुखापतग्रस्त पिचरच्या जागी मशीन कुणालाही घालतं. पहिल्या हंगामात माझ्या प्रतिस्पर्ध्याला शेवटच्या तीन आठवड्यांत अशा एका बेवारस संघाशी सात सामने मिळाले. तो सातही जिंकला. मला त्या संघाशी एकही नव्हता. हे रडगाणं वाटेल, आहेच, पण शर्यत एका सामन्याने ठरली होती. शिवाय काही मंडळी जाणूनबुजून हरतात, वरचा ड्राफ्ट पिक (नव्या खेळाडूंच्या निवडीतला क्रमांक) मिळावा म्हणून. मेजर लीगने त्यासाठी पहिल्या सहा पिकांची सोडत आणली, ती यंदा आमच्याकडेही आली. दोन सिम चुकवली की संघ काढून घेण्याचा नियमही झाला. गायब होणारे कमी झालेत. पूर्ण थांबलेले नाहीत.

दुसरी तक्रार ऐकून तुम्ही हसाल. पहिल्या हंगामाचे शेवटचे सात दिवस कमिशनरने एकाच सिममध्ये उरकले. मी एका सामन्याने पुढे असताना झोपलो आणि उठलो तेव्हा हंगाम संपलेला होता. सहा महिन्यांच्या लग्नघराची अक्षता रात्रीतून पडली. आम्ही पाच-सहा जणांनी भांडून घेतलं, आता शेवटचे दहा दिवस रोज एक दिवस असं सिम होतं. निकालांची फाइल आली की मी तक्ता उघडत नाही. आधी माझ्या सामन्याचा लॉग, तोही एकेक ओळ, खालचा स्कोअर तळहाताने झाकून. मग प्रतिस्पर्ध्याचा सामना. तक्ता सगळ्यात शेवटी.

सॉफ्टवेअरच्या बाजूने चांगलं बोलायचं तर थकवा आणि दुखापतींचं गणित विश्वासार्ह आहे, आणि बॉक्स स्कोअर इतका तपशीलवार की आपली चूक आपल्यालाच सापडते. वाईट म्हणजे मशीनचा मॅनेजर बंट (बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ टाकणं) करायला फार उतावीळ, ते सेटिंगमध्ये बंद करा. मोबाईलवर तक्ता धड दिसत नाही. मॅजिक नंबर दाखवतं पण बरोबरीचा नियम त्यात धरत नाही, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात तो आकडा एकाने चुकू शकतो. कागदावर करा: १६३ वजा आघाडीवाल्याचे विजय वजा मागच्याचे पराभव. आपसातले सामने तुमच्या बाजूने असतील तर १६२ पासून सुरू करा.

बरोबरीचा १६३वा सामना मेजर लीगने २०२२ मध्ये बंद केला, आमच्याकडेही नाही. १९७८ मध्ये न्यू यॉर्क यँकीजच्या बकी डेंटचा होम रन अशाच जादा सामन्यात आला होता, आता तिथे आपसातला हिशेब बघून निकाल लावतात. मला हे आवडत नाही. वाइल्ड कार्डमुळे शर्यतीतली धार गेली असं म्हणणारेही आहेत. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स १०३ सामने जिंकून घरी गेले, कारण अटलांटा १०४ जिंकले आणि वाइल्ड कार्ड नव्हतं. ती धार खरीच. पण आताच्या नियमात पहिल्या दोन डिव्हिजन विजेत्यांना पहिली फेरी माफ असते, आणि तीन सामन्यांची ती फेरी म्हणजे निव्वळ नाणेफेक. डिव्हिजनला अजून किंमत आहे.

रोज पंधरा मिनिटं देऊ शकणाऱ्याने आणि कारणाशिवाय हरणं सोसवणाऱ्याने जरूर घ्यावं. पहिल्या हंगामात मॅनेजर नसलेला, तक्त्यात मधोमध असलेला संघ घेऊन शिका, तळाचा घेऊ नका, सप्टेंबर वाया जातो. पाचपैकी चार तारे. पाचवा बंटसाठी कापला.

सध्या, दुसऱ्या हंगामात, मी ८६-७० आहे, आघाडीवरचा संघ ८८-६९. दीड सामना मागे. माझे सहा उरलेत, त्यांचे पाच, त्यातले शेवटचे तीन एकमेकांशी. आपसात मी ६-४ ने पुढे आहे, म्हणजे त्या तिघांतला एक जिंकला की बरोबरी माझी. या वेळी धावांचा फरक अधिक ९४ आहे, उसनं काही नाही. क्लोजरने काल आणि परवा टाकलंय, आज त्याला बसवलंय. तासाभरात फाइल येईल.