गिरणी की साखर कारखाना: पैसा खाली कुठे उतरला?

मुंबईच्या गिरणगावात पैसा जमिनीत होता. 1982 च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, गिरण्या बंद पडत गेल्या आणि जागेला सोन्याचा भाव आला. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा तिसरा हिस्सा म्हाडाच्या घरांसाठी होता. 2001 च्या बदलाने तो फक्त मोकळ्या जागेपुरता उरला. टॉवर उभे राहिले.

प्रवरा सहकारी साखर कारखान्याचं गणित वेगळं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी लोणीत उभारलेल्या कारखान्याचा मालक म्हणजे ऊस घालणारा सभासद. उसाचं बिल गावातच आलं, शाळा-दवाखाने निघाले. माझं मत प्रवरेला. पण ऊसतोड मजूर? तो सभासदच नाही. बीडकडून येतो, मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्याकडून, आगाऊ उचल घेतो, ती ऊस तोडून कोयत्यावर फेडतो. सभासदाला भांडायला निदान वार्षिक सभा असते, त्याला तीही नाही.