बँड अँड लूप स्पेस मेंटेनर: तार टिकली, सिमेंट टिकलं नाही

लेकीच्या खालच्या जबड्यातली स्पेस मेंटेनरची, म्हणजे काढलेल्या दाताची जागा राखणारी, तार संक्रांतीच्या आठवड्यात तिळाच्या वडीसोबत बाहेर आली. तिने गिळली नाही, उलट धुऊन काडेपेटीत ठेवली, त्यासाठी शंभर गुण. मग मी दवाखान्यात फोन लावला, आणि तेव्हा तापलेलं डोकं अजून पुरतं निवलेलं नाही.

आमची केस थोडक्यात अशी. उजवीकडची मागची दुधाची दाढ किडली (फाइलवर नुसतं ‘85’ लिहिलेलं, तो त्या दाढेचा ठरलेला क्रमांक. सासरे म्हणाले, एवढ्याशा तोंडात पंच्याऐंशी दात?). रूट कॅनल झालं, वर स्टीलची कॅप बसली, तरी हिरडीवर पुटकुळी येऊन पू यायला लागला. काढावीच लागली. पोरीचं वय साडेसात, आणि त्या जागी येणारी पक्की उपदाढ दहा ते बाराच्या दरम्यान कधीतरी उगवणार. सहाव्या वर्षी आलेली मागची पक्की दाढ तोवर गप्प बसत नाही, रिकामी जागा दिसली की पुढे कलते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी, तसा हा तारेचा तुकडा. पक्क्या दाढेला स्टीलचं कडं, त्याला झाळलेला लूप, आणि लूपचं टोक पुढच्या दुधाच्या दाढेला टेकलेलं.

दाढ काढायचे 800, तारेचे 3,500. सासूबाई म्हणाल्या, "पडायचाच दात, त्याच्या रिकाम्या जागेला एवढं भाडं?" खरं सांगायचं तर सुरुवातीला मीही मनातून त्यांच्याच बाजूने होते.

बसवताना फार त्रास झाला नाही. आधी दातांच्या फटीत निळे रबर घातले, ते दोन दिवस तिला टोचले. मग कडं मापून, त्याच्यासकट जबड्याचं माप घेतलं, तार लॅबमधून आली, सिमेंट लावून चिकटवली. एकदा बसल्यावर ती आहे हे पोरगी विसरून गेली.

मी नाही विसरले, कारण मेथी. लूपच्या खाली, हिरडी आणि तार यांच्यामध्ये जी पोकळी राहते तिच्यात मेथीचं पान असं काही जाऊन बसतं की चूळ भरून, बोटाने, साध्या ब्रशने, कशानेच हलत नाही. कोथिंबीर तशीच. शेव, पोह्यांतला कांदा, चिकनचा धागा, सगळ्यांचा मुक्काम तिथेच. रोज रात्री मोबाईलचा टॉर्च दातात धरून मी तिच्या तोंडात वाकलेली, आणि ती "आ" करून कंटाळलेली. बाटली धुवायच्या ब्रशची चिमुकली आवृत्ती असते ना, इंटरडेंटल ब्रश, तो घ्यावा लागला. चार-पाच ब्रशच्या पाकिटाला दीडशे-दोनशे पडतात आणि एकेक ब्रश आठवड्यात माना टाकतो. हा खर्च कुठल्याही अंदाजपत्रकात धरलेला नव्हता. साडेतीन हजारांच्या वस्तूखाली एक पान अडकू नये अशी रचना इतक्या वर्षांत कुणाला सुचली नाही? लूप हिरडीला टेकवला तर हिरडीत रुततो, वर उचलला तर खाणं अडकतं, असं पेडो मॅडम, म्हणजे लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर, म्हणतात. पटलं, पण मेथी मी करायची सोडली नाही आणि राग सोडला नाही.

आता संक्रांतीचं भांडण. फोनवर उत्तर मिळालं, "पेडो मॅडम व्हिजिटिंग आहेत, शनिवारी येतात." त्या शनिवारी मॅडम आल्याच नाहीत. पुढच्या वेळी आल्या, तर काउंटरवर, "पुन्हा चिकटवायचे पाचशे." आधी कुणी बोललं होतं? पावतीवर होतं? काही नाही. वर ऐकवलं, "चिकट खायचं नाही असं सांगितलं होतं." संक्रांतीला तिळाची वडी न खाणारं साडेसात-आठ वर्षांचं पोर दाखवा, मी पाचशे नाही, हजार देते. शेवटी अडीचशेवर मिटलं.

पण तार बसवताना जे पाहिलं त्याने माझं मत बरंच हललं. तीच तार, तेच कडं, वाकलेलं नाही, तरी लूप पुढच्या दाढेला घासून, जोर लावून बसवावा लागला. एवढ्याशा दिवसांत मागची दाढ पुढे यायला निघाली होती! दाढ काढल्यावर सगळ्यात जास्त जागा पहिल्या सहा महिन्यांत जाते, हे मॅडमनी आधी सांगितलं होतं तेव्हा मला ते तार खपवण्याचं बोलणं वाटलं होतं.

त्यात जावेच्या मुलाची गोष्ट. त्याची हीच दाढ आठव्या वर्षी काढली होती, तार कुणी सुचवली नाही. आता तेरावं चालू आहे, उपदाढ जिभेच्या बाजूने आडवी उगवली आहे आणि ब्रेसेसवाले डॉक्टर म्हणतात की जागेसाठी एक चांगली उपदाढ काढावी लागेल. दात काढला म्हणून जागा राखायची, जागा राखली नाही म्हणून परत दात काढायचा, आणि दोन्ही वेळचे पैसे आईबापांनीच द्यायचे. त्या ब्रेसेसचा आकडा ऐकल्यावर सासूबाईंनी भाड्याचा विषय काढलेला नाही.

तरी काही गोष्टी बसवण्याआधीच सांगायला हव्यात. एक, ही तार चावायच्या कामाची नाही. पोरगी सगळं डावीकडूनच खाते, आणि समोरचा वरचा दात खाली उतरू लागला तर ही तार त्याला थोपवत नाही. दुसरं, सिमेंट सुटणं हीच हिची सगळ्यात नेहमीची तक्रार. अर्धवट सुटलं तर आणखी वाईट, कारण कड्याच्या आत खाणं शिरतं आणि चांगली पक्की दाढ आतल्या आत किडते, बाहेरून कळत नाही. म्हणून आता दर तीन महिन्यांनी दाखवायला नेते. अधूनमधून आरव्हीजी, म्हणजे दाताचा डिजिटल एक्स-रे, काढतात, उपदाढेवर हाड किती उरलंय ते बघायला, कारण ती वर येताना तार वेळेत काढली नाही तर हीच तार तिच्या वाटेत येते.

खर्चाची काळजी असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत लहान मुलांचा वेगळा विभाग आहे, तिथे आधी चौकशी करा. आणि कुठेही करा, पुन्हा चिकटवायचे किती, हे पावतीवर लिहून घ्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा मेथीचा कापला, एक काउंटरचा. संक्रांतीपूर्वी विचारलं असतं तर दोन दिले असते.

एक गोष्ट अजून अधांतरी आहे. लूप ज्या पुढच्या दुधाच्या दाढेला टेकलाय, तीही कधीतरी पडणारच, आणि ती उपदाढेच्या आधी पडली तर लूपला टेकायला काही उरत नाही. मग ही काढून जिभेच्या बाजूने दोन्हीकडच्या दाढा जोडणारी कमान, लिंग्वल आर्च, बसवावी लागेल. तिचे पैसे वेगळे, असं मॅडमनी सांगून ठेवलंय. या वेळी आधी सांगितलं, एवढी तरी सुधारणा.