रोज सकाळी सहाला : टीएलडी गोळीबद्दल

मी ब्लाउज शिवते. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं छोटं दुकान आहे. 2005 साली गरोदरपणात रक्त तपासलं तेव्हा एचआयव्ही असल्याचं कळलं. 2009 मध्ये सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, 180 वर आला आणि सरकारी केंद्रातून एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधं, सुरू झाली. तेव्हापासून तीन वेगवेगळी औषधं घेतली, म्हणून आता घेते त्या टीएलडी गोळीबद्दल तुलना करून सांगू शकते.

पहिलं औषध दिवसातून दोनदा असायचं. त्यातल्या स्टॅव्हुडिननं जीव वाचवला, पण गाल आत गेले, पिंढऱ्या काडीसारख्या झाल्या आणि तळपाय असे जळायचे की मशीनच्या पायडलवर पाय टेकवत नसे. नंतर रात्रीची एकच गोळी आली, एफाव्हिरेन्झवाली. तिनं पाय वाचले, झोप गेली. विचित्र स्वप्नं पडायची. सकाळी इतकं गरगरायचं की दहा वाजेपर्यंत कात्री हातात धरायची हिंमत होत नसे.

टीएलडी म्हणजे टेनोफोव्हिर 300, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत. दिवसातून एकदा, उपाशीपोटी किंवा जेवून, कशीही. सुरुवातीचे पंधरा दिवस झोप लागेना, म्हणून काउन्सेलर ताईंनी रात्रीची वेळ बदलून सकाळची करून दिली. तेव्हापासून सहाचा गजर आणि गोळी. माझं वजन 46 वरून 54 वर गेलं. काहींना या गोळीनं वजन नको तितकं वाढतं, तसं झालं तर डॉक्टरांना सांगा. मला मात्र माझे गाल परत मिळाले.

मुलगी बी.फार्म.ला आहे. ती जन्मली तेव्हा तिला लागण होऊ नये म्हणून मला आणि तिला नेव्हिरॅपिन हे औषध दिलं होतं, ती निगेटिव्ह आहे. गोळी काम कशी करते हे तिनं मला माझ्याच धंद्याच्या भाषेत समजावलं. विषाणू पेशीत शिरला की स्वतःच्या डीएनएची चेन विणतो, पर्सला असते तशी दातांची. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन हे त्या चेनमधले खोटे दात. एक बसला की पुढचा दात जोडताच येत नाही. त्यातूनही चेन पूर्ण झाली, तर विषाणू ती आपल्या पेशीच्या कापडाला शिवायला जातो. डोल्युटेग्राविर ती टीपच पडू देत नाही. पण जिथं आधी शिवून झालंय ते उसवता येत नाही, म्हणून गोळी रोज घ्यायची. ‘आता बरं वाटतंय, कशाला घेऊ’ हा प्रश्न माझ्या मनातून त्या दिवशी गेला.

टेनोफोव्हिर ज्यांनी तयार केलं ते अंतोनिन होली, प्रागमधले रसायनशास्त्रज्ञ. ते रेणू बनवायचे आणि बेल्जियममधल्या लूव्हेनला एरिक डी क्लर्क ते विषाणूंवर तपासायचे. नुसतं टेनोफोव्हिर पोटातून नीट शोषलं जात नाही, त्याला आणखी एक जोड द्यावी लागली, तेव्हा कुठं त्याची गोळी झाली. अमेरिकेत तिला 2001 मध्ये मंजुरी मिळाली. होली 16 जुलै 2012 रोजी वारले. त्याच दिवशी अमेरिकेत टेनोफोव्हिर असलेली एक गोळी एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायलाही मंजूर झाली. मुलीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवलं. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, पण रोज सकाळी त्यांची आठवण काढते.

एक काळजी घ्या. कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीचं औषध चालू असेल तर केंद्रात जरूर सांगा. कॅल्शियम किंवा लोह उपाशीपोटी या गोळीबरोबर घेतलं, किंवा ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेलं ॲसिडिटीचं औषध जेवूनसुद्धा बरोबर घेतलं, तर डोल्युटेग्राविर कमी शोषलं जातं. मी गुडघ्यांसाठीचं कॅल्शियम दुपारी घेते. टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं, तेही डॉक्टरच ठरवतील.

तक्रार गोळीबद्दल नाही, डबीबद्दल आहे. तीस गोळ्यांची प्लास्टिकची डबी एसटीत खुळखुळते. तीन महिन्यांच्या तीन डब्या पिशवीत असल्या की शेजारची बाई हमखास बघते. मी झाकण उघडून वर कापूस भरते, मग आवाज बंद होतो. माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, आज तपासणीत सापडत नाही, तरीही गेल्या वर्षी एका दवाखान्यात माझं ग्रीन बुक, म्हणजे एआरटी केंद्राची नोंदवही, बघून दाढ काढायला नकार दिला होता. म्हणून अजूनही कापूस लागतो. सरकारनं याच गोळ्या पाकिटात द्याव्यात, एवढं मागणं आहे.