ई-रीडर की छापील पुस्तक: सरळ वाचणार की चाळणार?

रोजच्या वाचनासाठी ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचण्यापुरतं बनवलेलं यंत्र, घ्यावा का, ही चर्चा बहुतेक वेळा डोळ्यांपासून सुरू होते आणि नव्या पुस्तकाच्या वासापाशी संपते. दोन्ही मुद्दे दुय्यम आहेत. पहिल्या पानावरून निघून शेवटच्या पानावर पोचायचं, असं वाचन (कादंबरी, कथा, आत्मचरित्र) ई-रीडरवर झकास होतं. ज्या पुस्तकात सारखं मागेपुढे जावं लागतं, टीप पाहून परत यावं लागतं, नकाशावर बोट ठेवून मजकूर वाचावा लागतो, तिथे कागदच हवा. मराठी वाचणाऱ्यापुढे आणखी एक भानगड असते, ती म्हणजे फाइल. यंत्र कितीही चांगलं असो, फाइल वाईट असेल तर निव्वळ मनस्ताप.

आधी पडदा. ई-रीडरचा पडदा ई-इंकचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शाईचा असतो. तो मोबाइलसारखा आतून उजळत नाही. त्यात केसाच्या जाडीएवढ्या कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे विद्युतभारित कण. विजेची दिशा बदलली की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे खाली बसतात. पान एकदा उमटलं की ते तसंच राहतं. वीज खर्च होते ती पान उलटताना, आणि अर्थात दिवा आणि वायफाय चालू असेल तर त्यावर. बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते ती यामुळे. तरी जाहिरातीतला आकडा जरा सोलून पाहावा. अ‍ॅमेझॉनच्या किंडल पेपरव्हाइट या ई-रीडरचे ‘१२ आठवडे’ हे रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद आणि उजेडाचं सेटिंग १३ वर, या हिशेबाने दिलेले आहेत. ८४ दिवस, रोज अर्धा तास, म्हणजे एकूण ४२ तास. रोज दोन तास वाचणाऱ्याला तीन आठवडे मिळतील. तेही भरपूरच आहे, पण १२ आठवडे नव्हेत.

पडद्यावर इंचाला ३०० ठिपके हवेतच. जुन्या आणि कमी दर्जाच्या यंत्रांवर १६७ असतात. इंग्रजी त्यावर चालून जातं, पण देवनागरी लहान आकारात घेतली की अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात आणि ‘कर्म’ की ‘कंम’ ते अंदाजाने वाचावं लागतं. रंगीत पडद्याचा मोह कादंबरीवाल्यांनी टाळावा. कॅलिडो ३ या रंगीत ई-इंक पडद्यावर काळं अक्षर ३०० ठिपक्यांचंच असतं, रंग मात्र १५० चा. शिवाय वर रंगाची जाळी असल्यामुळे पानाची पार्श्वभूमी करडी दिसते आणि दिवसाही दिवा लावावासा वाटतो. मागच्या पानाची पुसट सावली दिसू लागली तर यंत्र बिघडलेलं नसतं. सेटिंगमध्ये ‘पेज रिफ्रेश’ चालू केलं की प्रत्येक पानाला पडदा एकदा काळा होऊन पुसला जातो. कडाक्याच्या थंडीत पान उलटायला वेळ लागतो, तोही कणांचा स्वभाव.

दिव्याबद्दल बराच गैरसमज आहे. ई-रीडरचे एलईडी कडेला असतात आणि त्यांचा उजेड एका पारदर्शक थरातून अक्षरांवर पडून मग डोळ्यांकडे येतो. रात्रीच्या वाचनाने झोप बिघडते, याला पुरावा म्हणून २०१५ सालचा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात झोपेआधी चार तास पूर्ण उजेडावर ठेवलेला आयपॅड होता. त्याचं माप मंद, पिवळसर दिव्याच्या ई-इंकला लावणं अन्यायाचं आहे.

हाताला काय जाणवतं तेही मोजून पाहू. साडेपाच बाय साडेआठ इंचांचं ३०० पानी पुस्तक म्हणजे १५० कागद. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) कागद धरला तर सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास, मुखपृष्ठ वेगळं. सहाशे पानी असेल तर वजन दुप्पट. सहा इंची ई-रीडर १६०-१७० ग्रॅमचा, सात इंची दोनशेच्या जरा पुढे, आणि आत शंभर कादंबऱ्या भरल्या तरी तेवढाच. आडवं पडून एका हातात धरून वाचणाऱ्याला यापुढे युक्तिवाद नको. चाळिशी लागलेल्यांना तर त्याहून मोठा फायदा: छापील पुस्तकाचा टाइप बारीक निघाला तर इलाज नसतो, इथे दोन टिचक्यांत अक्षर मोठं होतं.

आता मराठी फाइल. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली. अजूनही पुस्तक विकत घेण्याआधी मोफत नमुना उतरवून काही शब्द शोधून पाहावेत: ‘दुसऱ्या’, ‘विद्यार्थ्यांच्या’, ‘पिशवीत’, ‘ज्ञान’, ‘कॅमेरा’. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र पाय मोडून उभा राहिला, किंवा ‘पिशवीत’ची पहिली वेलांटी प च्या आधी न येता नंतर आली, तर अक्षरं जोडणारी व्यवस्थाच तिथे अपुरी आहे. फॉन्ट बदलून ते बहुधा सुटत नाही. पुस्तक सोडून द्यावं. याउलट सगळं नीट जुळलेलं आहे, पण ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, तर दोष भाषेच्या नोंदीचा असू शकतो. बऱ्याच फॉन्टांत मराठी ल आणि श दडलेले असतात, पण फाइलने ‘मी मराठी आहे’ असं सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. ईपब हा ई-पुस्तकांच्या फाइलचा प्रकार. कुलूप (नक्कल रोखणारी तजवीज) नसलेली ईपब फाइल कॅलिबर या मोफत प्रोग्रॅमच्या संपादकात उघडावी, पुस्तकाची भाषा मराठी करावी आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्येही तीच नोंद करावी. ई-रीडर ती नोंद पाळणारा असेल तर दहा मिनिटांत काम होतं.

स्वतःचा फॉन्ट घालणं सोपं आहे. यंत्र केबलने संगणकाला जोडायचं, मुख्य जागेत ‘फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर असतो, नसेल तर इंग्रजी लहान अक्षरांत त्या नावाचा करायचा, आणि टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल त्यात टाकायची. किंडल आणि कोबो या दोन्ही कंपन्यांच्या ई-रीडरवर हे चालतं. बारीक रेषांचे नाजूक फॉन्ट ई-इंकवर फिके पडतात. नोटो सेरिफ देवनागरीसारखा भरदार फॉन्ट घ्यावा आणि ठसा जाड करायची सोय असेल तर एखादी पायरी वाढवावी. ओळींतलं अंतर इंग्रजीसाठी ठेवलेलं असतं. वर मात्रा आणि रफार, खाली उकार, यांना त्यात श्वास घ्यायला जागा नसते. तेही एक पायरी वाढवावं.

आणि एक सेटिंग जे जवळजवळ कोणी बदलत नाही: दोन्ही कडा सरळ करणारी जुळणी. मराठी शब्द विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं लावून लांबत जातात. ‘कार्यकर्त्यांपैकीसुद्धा’ हा एकच शब्द सहा इंची पडद्यावर अर्धी ओळ खातो. इंग्रजीत असा शब्द ओळीच्या शेवटी तोडता येतो, मराठीसाठी यंत्रांत बहुधा ती सोय नसते, म्हणून अख्खा शब्द खाली जातो आणि वरच्या ओळीत उरलेले तीन शब्द ताणले जाऊन मध्ये खड्डे पडतात. डावीकडून जुळणी ठेवली की उजवी कड वेडीवाकडी दिसते, पण वाचन सुरळीत होतं.

पीडीएफची गोष्ट वेगळी. त्यात पान जसंच्या तसं गोठवलेलं असतं. साडेआठ इंच उंचीचं पान सहा इंची यंत्राच्या सुमारे सव्वाबारा सेंटिमीटर उंच पडद्यात बसवलं की १२ पॉइंटचं अक्षर पावणेसात पॉइंटचं होतं. समास कापून टाकले तर साडेआठपर्यंत जातं. वाचता येतं, सुख नाही. स्कॅन केलेली जुनी पुस्तकं वाचायची असतील तर १०.३ इंची यंत्र घ्यावं, त्यावर पान जवळजवळ मूळ आकारात येतं. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत अक्षरजुळणी झालेल्या पीडीएफ डोळ्यांना उत्तम दिसतात, पण त्यांच्या पोटात युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरवून दिलेले सर्वमान्य संकेत, नसतो. त्यात शब्द शोधता येत नाही, ओळ उचलली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी हाती येते, आणि ईपबमध्ये रूपांतर केलं की सगळं पुस्तक त्याच खिचडीचं होतं. रूपांतर करून देतो म्हणणारा प्रोग्रॅम दोषी नसतो, मुळातच मजकूर तसा असतो.

शब्दावर बोट ठेवून अर्थ पाहण्याची सोय इंग्रजी वाचताना अमोल आहे. मराठीत ती अडखळते. ‘घराण्यातल्यांना’ दाबलं तर कोशात ‘घराणे’ असतं. कोशकाराने सामान्यरूपांची यादी आत घातली नसेल तर उत्तर कोरं येतं.

कागदाकडे वळू. छापील पुस्तक म्हणजे आपोआप सुख, असंही नाही. दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर कण्याच्या वरच्या टोकाकडे पाहावं. घडी घातलेल्या कागदांचे छोटे गठ्ठे, म्हणजे फर्मे, वेगवेगळे दिसले आणि एखाद्या फर्म्याच्या मध्यावर दोरा सापडला तर शिलाई आहे. असं पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं. घड्या दिसत नसतील आणि सगळे कागद एका रेषेत कापलेले असतील तर नुसता गोंद. त्यातही पीयूआर प्रकारचा गोंद लवचिक राहतो. साधा हॉटमेल्ट काही वर्षांनी ठिसूळ होतो, कणा मधोमध तडकतो आणि पानं सुटी होतात. गोंदाच्या बांधणीत आतला समास दीड सेंटिमीटरहून कमी असेल तर ओळीचे शेवट कण्यात गडप होतात आणि ते वाचायला पुस्तक दाबलं की कणा आणखी लवकर जातो. नवं जाड पुस्तक कणा टेबलावर टेकवून उभं धरावं, दोन्ही मुखपृष्ठं खाली सोडावीत, मग एकदा डावीकडची, एकदा उजवीकडची थोडी थोडी पानं दाबत मध्यापर्यंत यावं. पहिल्याच दिवशी मधोमध उघडून उलटं दाबणं म्हणजे स्वतःच्या हाताने कणा मोडणं.

पानं फळीसारखी ताठ उभी राहत असतील तर छापताना कागदाच्या तंतूंची दिशा कण्याला आडवी ठेवली गेली आहे, आणि त्यावर वाचकाच्या हातात उपाय नाही. साठ जीएसएमखालच्या कागदावर मागची छपाई बहुधा पुढे डोकावते. पिवळं पडणं हे लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनचं आणि आम्लाचं काम. उन्हाच्या खिडकीजवळचं कपाट ते जोरात पुढे नेतं. दमट जागी कसर आहेच.

एवढं असूनही कागदाची एक गोष्ट ई-रीडरला जमलेली नाही: जागेची आठवण. ‘ते डाव्या पानावर खाली होतं, पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांशात’ असं हात आपोआप सांगतो. २०१९ सालच्या एका प्रयोगात ५० वाचकांना २८ पानांची रहस्यकथा दिली, निम्म्यांना किंडलवर, निम्म्यांना कागदावर. कथा समजण्यात फारसा फरक नव्हता, पण कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, हे कागदवाल्यांनी अधिक नीट लावलं. २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात माहितीपर मजकुराला कागद सरस ठरला, विशेषतः वेळेची मर्यादा असताना. गोष्टीरूप मजकुरात तसा फरक दिसला नाही. बहुतेक अभ्यासांत पडदा म्हणजे संगणक किंवा टॅबलेट होता, हे ध्यानात ठेवून वाचावं. तरी परीक्षेचं पुस्तक, कायद्याचं कलमवार भाष्य आणि तक्त्यांनी भरलेला ग्रंथ छापीलच घ्यावा. कविताही. अक्षर मोठं केलं की ई-रीडर ओळ मध्येच मोडतो, आणि कवीने मोडलेली ओळ कोणती, यंत्राने मोडलेली कोणती, ते कळत नाही.

मालकीचा हिशेब कडक आहे. दुकानातून घेतलेलं ई-पुस्तक बहुधा वापराचा परवाना असतो. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादातून दोन कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या आणि नंतर माफी मागितली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलच्या संकेतस्थळावरून पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकण्याची सोयही बंद झाली. जिथे कुलूप नसलेली ईपब मिळते तिथे तीच घ्यावी आणि एक प्रत संगणकावर ठेवावी. वाचून झालेलं छापील पुस्तक मैत्रिणीला देता येतं. परत येईल की नाही हा वेगळा विषय.

ई-रीडर मरतो तो बहुधा बॅगेत. पडद्याच्या पोटात बहुधा काचेचा पातळ थर असतो. वरून ओरखडाही दिसत नाही, पण आतली काच तडकली की अर्ध्या पानावर गोठलेल्या रेघा राहतात. दुरुस्ती सहसा परवडत नाही, म्हणून कडक पुठ्ठ्याचं आवरण आधी घ्यावं, यंत्र नंतर वापरावं. पाण्यापासून संरक्षण असलेलं यंत्र भिजलं तरी चार्जिंगची जागा पूर्ण सुकेपर्यंत केबल लावू नये. महिनोन्महिने वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा. शून्यावर पडून राहिलेली लिथियम बॅटरी पुन्हा उठेलच असं नाही.

परत करण्याची मुदत संपायच्या आत दोन्हींची तपासणी करून घ्यावी. ई-रीडर अंधाऱ्या खोलीत, उजेड निम्म्यावर ठेवून, कोऱ्या पानावर पाहावा: खालच्या कडेला सावल्यांचे पट्टे, एका कोपऱ्यात पिवळसर डाग, किंवा न हलणारा काळा ठिपका असेल तर लगेच बदलून मागावा. छापील पुस्तकात फर्म्यांचे सांधे तपासावेत. फर्मा बहुधा १६ पानांचा असतो, म्हणजे साधारण दर सोळा पानांनी एकदा पानाचा आकडा पाहायचा. ४८ नंतर पुन्हा ३३ आलं तर एक फर्मा दोनदा बांधला गेलाय, आणि ६५ आलं तर मधला एक गायब आहे. हे दुकानातच उघडून पाहिलेलं बरं, एरवी कळतं ते रहस्य उलगडायच्या बेतात असताना.