बुद्धिबळ: आधी ओपनिंग की डावाचा शेवट?

कोथरूडच्या मैत्रिणीची मुलगी सात वर्षांची. मोहऱ्यांच्या चाली येतात, आता पुढे काय शिकवू, असं मैत्रीण विचारतेय: ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, की डावाचा शेवट, म्हणजे मोजकेच मोहरे उरल्यावरचा खेळ?

खर्चात फरक नाही. पट, मोहरे आणि रोजची वीस मिनिटं पुरतात.

टिकाऊपणात मात्र मोठा फरक आहे. ओपनिंगच्या चाली मुलं पटापट पाठ करतात, पण समोरच्याने तिसरीच चाल वेगळी केली की गोंधळतात. शेवटातलं शिकलेलं आयुष्यभर राहतं. पटावर फक्त दोन राजे आणि एक प्यादं ठेवा. आपला राजा आपल्या बाजूने मोजून सहाव्या रांगेत आणि प्यादं त्याच्या लगेच मागे असेल, तर चाल कुणाचीही असो, प्यादं शेवटच्या रांगेत पोहोचून वजीर होतंच. (अगदी कडेचं प्यादं असेल तर हा नियम चालत नाही.) हे स्वतः खेळून कळलं की मूल डोळे चमकवत पुन्हा मांडायला लावतं! १९२१ साली जगज्जेता झालेला कापाब्लांकाही शेवटापासूनच शिकण्याच्या मताचा होता.

पुढच्याच महिन्यात शाळेची स्पर्धा असेल, तर पहिल्या चार चालींतच होणारी मात कशी टाळायची आणि किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला सुरक्षित करणं) लवकर कसा करायचा, एवढी ओपनिंग शिकवा. घाई नसेल, तर शेवटापासूनच सुरुवात करा.