बाल्डर्स गेट ३: तयार पात्र की स्वतःचं?

२०२३ साली आलेल्या 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेममध्ये सुरुवातीलाच ठरवावं लागतं: अ‍ॅस्टेरियन, शॅडोहार्ट, गेल अशा तयार पात्रांपैकी कुणाची तरी भूमिका घ्यायची, की आपलं पात्र शून्यातून घडवायचं?

पहिल्या खेपेला मी स्वतःचंच पात्र सांगेन. वंश, १२ क्लासांपैकी (म्हणजे योद्धा, जादूगार अशा लढवय्या प्रकारांपैकी) एक, चेहरा, आवाज, सगळं आपल्या हातात. पण खरा फायदा वेगळाच आहे. ही मंडळी मग सोबती म्हणून भेटतात आणि त्यांची गुपितं हळूहळू उलगडतात. रात्री तळावर अचानक जाग यावी आणि अ‍ॅस्टेरियन आपल्या गळ्याशी वाकलेला दिसावा, हा धक्का त्याचीच भूमिका घेतली तर बसणार कसा? शिवाय ज्याची भूमिका आपण घेतो, त्याचे बोललेले संवाद बरेचसे गळतात. इतका सुंदर आवाज-अभिनय गमावणं मला फार जड जातं.

तयार पात्र दुसऱ्या खेपेला घ्यावं. क्लास नाही आवडला, तर तळावर भेटणारं विदर्स नावाचं पात्र १०० सुवर्णनाण्यांत बदलून देतं. वंश मात्र तोच राहतो.

आणि 'डार्क अर्ज' हा सुरुवातीलाच मिळणारा तिसरा पर्याय? यात पात्राचा भूतकाळ ठरलेला, पण रूप, वंश, क्लास आपल्या मर्जीचे. दोन्हींचा मेळ हवा असेल तर हा पर्याय घ्या, फक्त रक्तपात पाहायची तयारी ठेवा.